पॉईंट पंचवीसचा पिस्टन आणि पॉईंट पन्नासचा बोअर: एका एटीव्हीचं प्रकरण

अंबड तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदाराची एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली शेतात चालणारी चारचाकी, उन्हाळ्यात आमच्या जालन्याच्या वर्कशॉपमध्ये आली. तक्रार नेहमीचीच: निळा धूर, ऑइल खाणं, ट्रॉली जोडली की दम न धरणं. काम शेवटी रिबोअरिंगचं निघालं, म्हणजे सिलिंडरचं झिजलेलं भोक (बोअर) मोठं कापून ओव्हरसाइझ पिस्टन बसवण्याचं (पॉईंट पंचवीस म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमीनं मोठा, पॉईंट पन्नास म्हणजे ०.५० नं), आणि हे काम आमच्याकडं रोजचं आहे. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण रिबोअरिंग टाळण्याच्या किंवा स्वस्तात उरकण्याच्या जवळजवळ सगळ्या पळवाटा या एका गाडीवर आधीच वापरून झाल्या होत्या, आणि त्या का फसल्या ते मापांवर दाखवता येत होतं. बोअर मारणं हा या कामातला सोपा भाग आहे. झीज कोणत्या बाजूला आहे, हातातला पिस्टन खरोखर किती मिमीचा आहे आणि धूळ आत कुठून शिरली, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय मशीन चालू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी आणि तिचं काम

इंजिन चिनी बनावटीचं. एक सिलिंडर, हवेनं थंड होणारं, पुशरॉडचं, म्हणजे व्हॉल्व्ह खालून दांड्यांनी उघडणारं. होंडाची सीजी१२५ ही मोटरसायकल १९७६ मध्ये आली. देखभाल कमी होणार हे धरूनच तिचं इंजिन पुशरॉडचं ठेवलं होतं. पुढं त्याच धाटणीची इंजिनं चीनमध्ये लाखोंनी निघाली, त्यातलंच हे मोठ्या मापाचं. बोअर ६३.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ६२.२ मिमी, म्हणजे १९७ सीसी. सिलिंडर बाहेरून ॲल्युमिनियमचा, आत बिडाचा लायनर, म्हणजे नळीसारखं अस्तर.

लायनर बिडाचा आहे ना, हे सगळ्यात आधी बघायचं असतं. काही नव्या इंजिनांत लायनरच नसतो, ॲल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा असतो. तो कापला की खालचं मऊ ॲल्युमिनियम उघडं पडतं आणि सिलिंडर हातचा जातो. आत चुंबक लावून बघावा, बिडाला तो घट्ट चिकटतो. इथं चिकटला.

मालकाची जुनी बाग २०१२-१३ च्या दुष्काळात गेली. जालना जिल्ह्यात त्या वर्षी मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या होत्या. नंतर लावलेली बाग आता भरात आहे, फांद्या जमिनीला टेकतात. ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडतात, म्हणून त्यांनी पुण्याकडून ही ठेंगणी गाडी सेकंड-हँड आणली. मागं छोटी ट्रॉली, तिच्यावर शंभर लिटरची टाकी आणि बॅटरीवरचा फवारणी पंप. दोन ओळींमधून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, तासन् तास चालायचं. बागेत रोटाव्हेटर मारलेली काळी माती, बाहेर कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला याहून अवघड काम देता येणार नाही. वेग नाही म्हणून वारा नाही, ओढ मात्र सतत आहे, आणि पुढच्या चाकांनी उडवलेली धूळ बरोबर सीटखालच्या हवेच्या तोंडाशी येते.

पिकअपमधून गाडी उतरवताना मालकांनी, म्हणजे काकांनी, सीटवर ठेवलेला खोका माझ्या हातात दिला.

"मिस्त्री, दोनदा रिंगा टाकल्या. पंधरा दिस बरी चालती, मग पुन्हा धूर मारायलीय. आता पॉईंट पंचवीस मारूनच द्या, पिस्टन संगं आणलाय."

"काका, पिस्टन राहू द्या इथं. आधी मोजतो, मग सांगतो."

उघडण्याआधी काय कळलं

इंजिन गरम करून, प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं. ८५ पीएसआय. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, तर १२५. ऑइल टाकल्यावर आकडा इतका चढतो याचा अर्थ गळती व्हॉल्व्हपेक्षा रिंग (पिस्टनभोवतीचं फट बंद करणारं कडं) आणि बोअर यांच्यातून जास्त आहे. ऑइल तेवढ्यापुरती फट भरतं. निरोगी असतं तर या इंजिनानं दीडशेच्या आसपास दाखवायला हवं होतं.

धुराचीही जात बघावी लागते. ओढीवर, ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर आला तर बोट रिंगांकडं जातं. रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्या किकला भपकारा मारला आणि थांबला, तर व्हॉल्व्हचं सील किंवा गाइड (व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती नळी). या गाडीत दोन्ही होतं. पहिलं फार, दुसरं थोडं. हा थोडा भाग पुढं शिल्लक राहिला, तो शेवटी सांगतो.

दोनदा टाकलेल्या रिंगा का टिकल्या नाहीत

हेड आणि सिलिंडर काढल्यावर पहिलं दर्शन बोअरच्या वरच्या कडेचं. बोट वरून खाली नेलं की नखाला स्पष्ट पायरी लागत होती. रिंग जिथपर्यंत वर जाते तिथून खाली झीज, आणि तिच्या वरचा काही मिलिमीटरचा पट्टा अजून मूळ मापाचा. पुढच्या भिंतीवर उभे ओरखडे. भिंतीची चकाकी गेलेली, राखाडी, मंद. ऑइल संपून जाम झालेल्या इंजिनाची भिंत अशी नसते. तिथं ॲल्युमिनियम फासल्यासारखं चिकटलेलं दिसतं. ही धुळीनं घासलेली भिंत होती.

बोअर गेजनं तीन उंचींवर, प्रत्येक उंचीला दोन दिशांनी मापं घेतली. एक दिशा गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या आडव्या पिनला) समांतर, दुसरी तिला काटकोनात, जिकडं पिस्टनचा रेटा येतो.

वर, रिंगेच्या पट्ट्यात: पिनच्या दिशेला ६३.६२, रेट्याच्या दिशेला ६३.६७.
मध्यावर: ६३.५७ आणि ६३.६०.
तळाला: ६३.५२ आणि ६३.५३.

म्हणजे टेपर (वर रुंद, खाली अरुंद) ०.१४ मिमी आणि वरच्या पट्ट्यात ०.०५ चा लंबगोल. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. पण व्यास ०.१४ नं वाढला की परीघ ३.१४ पटीनं, म्हणजे ०.४४ मिमीनं वाढतो. पिस्टन खालून वर जाताना रिंगेचं तोंड प्रत्येक फेरीला जवळजवळ अर्धा मिलिमीटर उघडतं, आणि खाली येताना मिटतं. मिनिटाला तीन-चार हजार फेरे. गोल रिंग लंबगोल भोकात सगळीकडं टेकत नाही, ती अशी सतत उघडझाप करत राहिली की खाचेतच खुळखुळी होते. नवी रिंग टाकल्यावर पंधरा दिवस बरं वाटायचं ते तिच्या नव्या ताणामुळं. बोअर होता तसाच होता.

शिवाय नव्या रिंगेच्या कडा तीक्ष्ण असतात. जुनी रिंग पायरीबरोबर झिजत गोल झालेली असते, नवी जाऊन पायरीवर आपटते. काढलेल्या पिस्टनवर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली भिंत एका ठिकाणी तडकलेली होती. ती तुटून आत पडली असती तर सिलिंडरबरोबर हेडही गेलं असतं. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकणं हे मला मनापासून खटकतं. गिऱ्हाईकाचे पैसे वाचवल्यासारखं दिसतं, पण त्याच्या इंजिनाचं आयुष्य त्यात खर्च होत असतं.

पॉईंट पंचवीस का पुरलं नाही

आता काकांच्या खोक्याचा प्रश्न. सगळ्यात मोठं माप ६३.६७, पॉईंट पंचवीसचा बोअर ६३.७५. मध्ये ०.०८ मिमी आहे, म्हणजे काम भागायला हवं, असा हिशेब बहुतेक जण करतात. काकांसोबत आलेल्या मेकॅनिकनंही तोच केला होता.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे. तशी ती जवळजवळ कधीच नसते. सिलिंडर बोअरिंग मशीनवर चढवला, तळाच्या न झिजलेल्या भागावर सेंटर घेतला आणि त्याच सेंटरवर डायल वर नेऊन फिरवला. रेट्याच्या बाजूला झीज ०.१३, समोरच्या बाजूला ०.०४. दोन्ही मिळून तेच ०.१७. पॉईंट पंचवीसचा बोअर मूळ सेंटरवर मारला तर प्रत्येक बाजूला ०.१२५ निघतं. झिजलेली बाजू ०.१३. पातं तिला शिवतही नाही. तो पट्टा तसाच राहतो, वर ओरखडे त्याहून खोल.

यातून सुटायला काही ठिकाणी सेंटर झिजलेल्या बाजूला सरकवून बोअर मारतात. बोअर साफ निघतो, चकाकतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण सिलिंडरची मध्यरेषा आता क्रँकशी जुळत नाही, पिस्टन एका अंगानं घासत चालतो. सेंटर नेहमी न झिजलेल्या भागावरच घ्यायचा. त्यावर साफ होत नसेल तर पुढच्या साइजला जायचं. इथं पुढची साइज पॉईंट पन्नास, म्हणजे बाजूला ०.२५. ओरखड्यांसह सगळं त्यात जात होतं.

काकांना डायलचा काटा फिरताना दाखवला. आकडे त्यांना नकोच होते, काटा एका बाजूला उडतो हे बघून ते म्हणाले, "म्हंजी ह्यो एकीकडंच खाल्लाय." पॉईंट पंचवीसचा पिस्टन न वापरलेला असल्यानं दुकानदारानं परत घेतला.

इथं एक गैरसमज सांगून टाकतो, कारण गाडी चालवणारा काकांचा पुतण्या मोठ्या आशेनं विचारत होता. बोअर वाढवला म्हणजे पॉवर वाढत नाही. ६४ मिमी बोअरला हे इंजिन २००.१ सीसीचं होतं, आधी १९७ होतं. तीन सीसी. फरक पडतो तो गेलेलं कॉम्प्रेशन परत आल्याचा.

पिस्टन आधी, बोअर नंतर

या मापाचे पिस्टन जालन्यात काउंटरवर मिळत नाहीत. सोबतच्या मेकॅनिकनं सुचवलं की पल्सर १८० चा बोअरही ६३.५ च आहे, तिचा ओव्हरसाइझ पिस्टन कुठंही मिळतो, तोच टाकू. बोअरचा आकडा त्याचा बरोबर होता. पण पल्सरचा स्ट्रोक ५६.४ मिमी आणि याचा ६२.२. पिस्टन बसायला नुसता व्यास जुळून भागत नाही. पिनची जाडी, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, व्हॉल्व्हसाठी माथ्यावर पाडलेले खळगे आणि स्कर्टची (पिस्टनच्या खालच्या भागाची) लांबी, हे सगळं जुळावं लागतं. उंची एक मिलिमीटरनं जास्त झाली तरी माथा व्हॉल्व्हला भिडू शकतो. कमी झाली तर कॉम्प्रेशन पडतं आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून याच इंजिनाची दोन किटं पार्सलनं मागवली. दोन मुद्दाम.

दोन्ही पिस्टनच्या माथ्यावर '५०' कोरलेलं होतं. मायक्रोमीटर लावला, पिनला काटकोनात, स्कर्टच्या तळापासून थोडं वर, जिथं पिस्टन सगळ्यात रुंद असतो. एक भरला ६३.९१, दुसरा ६३.९६५. शिक्का एकच, फरक ०.०५५ मिमी. या इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यात ठेवायची फटच साधारण तेवढी असते. शिक्क्यावर भरवसा ठेवून बोअर मारला असता आणि पहिला पिस्टन टाकला असता, तर थंड इंजिन पहिल्या दिवसापासून टकटक वाजलं असतं आणि रिंगा पुन्हा डुलत राहिल्या असत्या. पहिला परत पाठवला.

गिऱ्हाईक नुसता सिलिंडर पोत्यात घालून आणतं आणि म्हणतं, पॉईंट पन्नास करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो. अशा वेळी मी काम घेत नाही. बोअर पिस्टनच्या मापाला करायचा असतो, खोक्यावरच्या आकड्याला नाही.

फट किती ठेवायची हे ठरवताना गाडीचं काम डोळ्यांसमोर ठेवलं. कमी फट ठेवली की आवाज कमी, पण माणसाच्या चालीनं, वाऱ्याविना, मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत ट्रॉली ओढताना ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. फट संपली की पिस्टन धरतो. ०.०४५ ठरवली. म्हणजे तयार बोअर ६४.०१.

याच फुगण्याचा एक उपद्रव मोजमापातही होतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो फार खरा आहे. मापाचे सगळे आकडे वीस अंश तापमानाला धरलेले असतात. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चाळीसच्या वर पारा असतो. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही सारखे तापलेले असले, तरी वीस अंशांच्या फरकानं ६४ मिमीचा पिस्टन सुमारे ०.०२५ नं वाढतो आणि बीड सुमारे ०.०१४ नं. म्हणजे दुपारी ठेवलेली फट आणि खरी फट यांत ०.०१ चा घोळ होतो. त्यात पिस्टन खिडकीत उन्हात पडलेला आणि सिलिंडर नुकताच पात्याखालून गरम निघालेला असेल तर विचारूच नका. म्हणून शेवटचा कट आणि होनिंग (दगडानं घासून बोअर शेवटच्या मापाला आणणं) आम्ही सकाळी करतो. पिस्टन, सिलिंडर आणि मायक्रोमीटर आदल्या रात्री एकाच टेबलावर शेजारी ठेवायचे. तिघांचं तापमान एक झालं की मग मोजायचं. याला पैसा लागत नाही.

कट, होनिंग, धुणं

मशीनवरचं काम थोडक्यात. तळाच्या चेहऱ्यावर जुन्या गॅस्केटचा पापुद्रा चिकटलेला होता, तो पूर्ण खरवडून काढला. त्याच चेहऱ्यावर सिलिंडर मशीनवर बसतो, तिथं दहा शतांश मिमी जाडीचा कागद राहिला तरी बोअर तिरका निघतो. दोन कटांत ६३.९५ पर्यंत आणला, दुसरा कट हलका. उरलेले ०.०६ होनिंगला ठेवले, कारण पात्याच्या खुणा होननं पूर्ण गेल्या पाहिजेत. तळाच्या कडेला तिरपी कड मारली. या इंजिनात सिलिंडर वरून पिस्टनवर उतरवतात, रिंगा तळाकडून आत शिरतात, धारदार कडेवर रिंग हमखास अडकून तुटते.

होन खाली-वर करण्याची गती अशी ठेवली की रेघा एकमेकींना पंचेचाळीस ते साठ अंशांत छेदतील. या रेघांत ऑइल थांबतं आणि नव्या रिंगा त्यावर घासून बसतात. गुळगुळीत आरसा केलेला बोअर बघायला छान, पण त्यात रिंगा बसत नाहीत. शेवटची मापं वर ६४.०१०, मध्ये ६४.०१०, तळाला ६४.०१२.

आता धुण्याबद्दल, आणि इथं मला जरा आग्रहानं बोलायचंय. होनिंगनंतर सिलिंडर डिझेलमध्ये बुचकळून हवा मारली की झालं, असं बहुतेक ठिकाणी चालतं. डिझेल-पेट्रोलनं ऑइल निघतं, दगडाची पूड रेघांतच राहते. धुळीनं मेलेल्या इंजिनात आपण आपल्या हातानं त्याहून कडक पूड ठेवून देतो. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ताठ ब्रश. घासायचं, धुवायचं, पुन्हा घासायचं. या सिलिंडरच्या अंगातून पुशरॉडचा बोगदा जातो, तोही आतून ब्रशनं. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं ऑइल घेऊन भिंत पुसायची. फडकं राखाडी निघालं की परत गरम पाणी. ते पांढरं राहीपर्यंत हे चालतं. पाणी पुसल्याबरोबर लगेच ऑइलचा हात, नाहीतर उघडं बीड बघता बघता गंज धरतं.

धूळ शिरली कुठून

हे आधीच, सिलिंडर मशीनवर जाण्यापूर्वी, शोधून ठेवलं होतं. एअर बॉक्स उघडला तर फोमचा फिल्टर बोटांत चुरला. पेट्रोलनं धुऊन धुऊन आणि उन्हानं तो कुजल्यासारखा झाला होता, आणि त्याला ऑइल कधी लावलेलं नव्हतं. कोरड्या फोमची भोकं बारीक धुळीपुढं मोठी असतात. फोमवर ऑइलचा चिकटपणा असतो तोच खरा फिल्टर.

पण नुसत्या फोमवर मी थांबलो नाही, कारण झीज फार वेगानं झालेली होती. कार्ब्युरेटर आणि एअर बॉक्स यांच्यामधलं रबरी बूट काढून आतून बोट फिरवलं. करड्या रंगाचा चिकट लेप बोटाला आला, अंगठ्याशी चोळला तर कचकच लागली. फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ असायला हव्या त्या भागात माती. टॉर्च मारून बघितलं तर हा लेप सगळीकडं सारखा नव्हता. एका कोपऱ्यातून पंख्यासारखा पसरत कार्ब्युरेटरच्या तोंडाकडं गेलेला. त्या कोपऱ्यात करंगळीएवढी एक तोटी होती, उघडी.

ती ब्रीदर पाइपची तोटी. क्रँककेसमधला वायू पाइपातून एअर बॉक्समध्ये सोडलेला असतो, तो पाइप तिथं जोडलेला असायला हवा. मालकाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. पहिल्यांदा रिंगा गेल्या तेव्हा झिजलेल्या बोअरमधून वायू खाली क्रँककेसमध्ये शिरत होता आणि ब्रीदरमधून ऑइलचे फवारे एअर बॉक्समध्ये येत होते. फिल्टर भिजतो म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एका मेकॅनिकनं पाइप काढून खाली मोकळा सोडला. तोटी बुजवायची राहिली. त्या दिवसापासून या इंजिनाला फिल्टर असून नसल्यासारखा होता. दोन्ही वेळच्या नव्या रिंगा त्या भोकातून आलेल्या मातीनं घासल्या.

पाइप नवा घालून क्लिपसह जोडला. रबरी बुटाला एका घडीत चीर होती, बूट बदललं. फिल्टरच्या कडेला, जिथं तो एअर बॉक्सवर टेकतो, ग्रीसचं बोट फिरवलं. एअर बॉक्सचं हवा घेणारं तोंड सीटखालीच होतं, तिथून रबरी नळीनं ते हँडलखाली उंच आणलं. पुढच्या चाकांची धूळ तिथं बरीच कमी पोचते.

एवढी माती ऑइलमध्ये गेली म्हटल्यावर खालचा भागही बघणं भाग होतं. उजव्या कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकाला फिरता ऑइल फिल्टर असतो. त्यात काळा लगदा घट्ट बसलेला. ऑइलची जाळीही तशीच. दोन्ही साफ केलं. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघितला, बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) खेळ लागला नाही. तिथं खेळ असता तर नुसत्या रिबोअरिंगला हात घालायचा नाही असं मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं. ढिल्या रॉडवर नवा पिस्टन बसवला की वाढलेल्या कॉम्प्रेशननं रॉड आणखी लवकर जातो.

जोडणी आणि पहिले तास

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक बोअरमध्ये सरळ ढकलून फिलर गेजनं तोंड मोजलं. वरची ०.२२, दुसरी ०.२५, या बोअरला योग्य. तोंडं एकमेकींपासून एकशेवीस अंशांवर. ऑइल रिंगेच्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढलेली नाहीत ना, हे नीट बघितलं, कारण तेवढ्यानंही गाडी धूर मारते आणि दोष बोअरवर येतो. माथ्यावरची 'इन' ची खूण इनटेककडं, सर्क्लिपा नव्या, क्रँककेसच्या तोंडात फडकं.

पहिल्यांदा चालू करून इंजिन गरम होऊ दिलं आणि बंद करून पूर्ण थंड. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कला कसले, टॅपेट बघितले. ऑइल साधं मिनरल २०डब्ल्यू४०. रिंगा बसेपर्यंत सिंथेटिक घालत नाही. पुतण्याला सांगितलं: उभी ठेवून नुसती चालू ठेवायची नाही, आणि एकाच वेगानं तासभरही नाही. रिकाम्या गाडीला थोडी ओढ द्यायची, सोडायची, पुन्हा द्यायची. ओढ दिल्यावर वायूच्या दाबानं रिंगा भिंतीला टेकतात, सोडल्यावर ऑइल वर येऊन थंडावा देतं. ट्रॉली नंतर. पहिल्या काही तासांनी काढलेल्या ऑइलमध्ये बारीक चमक होती, ती अपेक्षितच. दुसऱ्या वेळी नव्हती.

रिंगा बसल्यावर कॉम्प्रेशन १५५ पीएसआय. पावसाळ्याच्या तोंडाच्या फवारण्या झाल्यावर गाडी तपासणीला आली तेव्हा ऑइलची पातळी खुणेवरच होती. रबरी बुटाच्या आतल्या भिंतीला मी मुद्दाम ग्रीसचा पातळ हात लावून ठेवला होता, धूळ आली तर त्यावर दिसावी म्हणून. तो स्वच्छ होता. काकांनी फोमचे दोन फिल्टर घेतलेत, एक गाडीत आणि एक धुऊन, वाळवून, ऑइल चोळून तयार. साबणाच्या पाण्यानं धुतात, पेट्रोलनं नाही. बोअरिंग-होनिंगची मजुरी पिस्टन किटच्या निम्मीही नव्हती, आणि दोनदा टाकलेल्या रिंगांवर आधी त्याहून जास्त पैसे गेले होते.

सिलिंडरच्या बुडाशी ६४.०१ आणि पिस्टनचं माप कोरून ठेवलंय. या इंजिनाला पुढं पॉईंट पंचाहत्तर आणि एक मिमी या साइजा उरतात, त्यानंतर लायनर बदलावा लागेल.

राहिलं ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं गाइड. सील बदलले, पण गाइडमध्येच थोडी ढिलाई आहे, आणि नवं गाइड मिळेपर्यंत फवारणी थांबवणं काकांना परवडणारं नव्हतं. त्यामुळं सकाळी पहिल्या किकला अजून एक हलका भपकारा येतो आणि थांबतो. दिवाळीनंतर आंबिया बहारासाठी बाग तानावर सोडली (पाणी तोडलं) की गाडीला काम नसतं, तेव्हा हेड उतरवून गाइड घालायचं ठरलंय. हेड उघडणारच आहे तर बोअरही त्याच उंचींवर, त्याच दिशांनी पुन्हा मोजेन. वरच्या पट्ट्यात झीज ०.०२ च्या आत असली तर एअर बॉक्सचं काम टिकलं. जास्त असली तर पिस्टनला हात न लावता पुन्हा तोटीपासून शोधायला लागायचं.